मिरची-निंबूची पानं काठानं जळून राहिली, नीम तेल झालं, ताक झालं, आता काय करू?

बेसा_टेरेस
१३ मे, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. नागपुरात बेस्याकडं राहतो, स्लॅबवर लहानमोठ्या ३४ कुंड्या आणि दोन कापलेले निळे ड्रम आहेत. दोन वर्षं झाली, सगळं सेंद्रिय, रासायनिक खताचा एक दाणा टाकला नाही. फेब्रुवारीपर्यंत एकदम झकास होतं, वांगे, टमाटर, पालक, सांबार तर इतका की शेजारी मागून न्यायचे. मार्च संपता संपता जी उतरती कळा लागली ती थांबूनच नाही राहिली.

आधी ड्रममधला निंबू गेला. म्हणजे गेला नाही अजून, पण जुन्या पानांची टोकं तपकिरी झाली, मग काठ, अगरबत्तीनं कागदाची कड जाळत न्यावी ना तसं, आणि मग पानं टपाटपा गळाली. मग मिरचीवर आलं, आता वांग्यावर. नवीन पानं पिवळी येऊन राहिली पण शिरा हिरव्या. पालक बरा आहे. टमाटर उभं आहे पण फुलं लागतात आणि गळतात, एक फळ धरत नाही. आणि मातीवर पांढरं पांढरं काहीतरी जमतं, मला वाटलं बुरशी आहे म्हणून हळद टाकली.

आतापर्यंत केलेलं सांगतो म्हणजे तेच तेच कोणी सांगायला नको. नीम तेल तीनदा, आंबट ताक दोनदा, केळीच्या सालीचं पाणी, कांद्याच्या सालीचं पाणी, एप्सम सॉल्ट एकदा, जुने खिळे पुरले मातीत, दोन टोपले शेणखत. हिरवी जाळी ५० टक्केवाली लावली आहे. पाणी सकाळ-संध्याकाळ. सगळ्यात मजा म्हणजे एवढ्या सगळ्यात तुळस मात्र टवटवीत, आई म्हणते देवाची कृपा. फोटो टाकले आहेत. कोणीतरी सांगा राव, ऑफिसातून येऊन वर जायचं मन होत नाही आता.


हिरवीजाळी
१३ मे, रात्री ११:१५

मिरचीचं पाहून मला तरी चुरडा-मुरडा वाटतो. पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळली असतील तर फुलकिडे, खाली वळली असतील तर कोळी. एक पांढरा कागद घ्या, शेंड्याखाली धरून टिचकी मारा, बारीक पिवळे-काळे किडे पळताना दिसले तर फुलकिडे पक्के. आणि नीम तेल किती वाजता मारलं? आपल्याकडच्या ४४-४५ डिग्रीत दिवसा तेल मारलं तर पान तळून निघतं, संध्याकाळी सूर्य गेल्यावरच मारायचं, लिटरला ५ मिली आणि थोडं साबणाचं पाणी, नाहीतर तेल वर तरंगत राहतं आणि शेवटच्या कुंडीला नुसतं तेलच जातं.

टमाटरचं टेन्शन नका घेऊ, तो रोग नाहीच. दिवसाचं ३५ च्या वर गेलं आणि रात्रही गरम राहिली की परागकणच नीट बनत नाहीत, फुलं गळणारच. नागपुरात मे महिन्यात गच्चीवर टमाटरची अपेक्षा धरणं म्हणजे आपलीच चूक. झाड जगवा, पावसात बघू.


वऱ्हाडीकाका_६२
१४ मे, सकाळी ६:०५

भाऊ, तुमची माती मेली आहे. बाकी काही नाही. हे सालीचं पाणी अन् खिळे अन् एप्सम बंद करा पहिले. जीवामृत द्या. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे पाळेकर गुरुजी, २०१६ ले पद्मश्री भेटली त्यायले, त्यायनं साऱ्या देशाले शिकवलं अन् आपण नागपूरवाले अजून केळीच्या सालीतच अडकून पडलो. एकराले २०० लिटर लागते, तुमच्या गच्चीसाठी १० लिटर बनवा. अर्धा किलो देशी गाईचं ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्राम गूळ, १०० ग्राम बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ४८ घंटे ठेवा, सकाळ-संध्याकाळ लाकडानं ढवळा. मग पाण्यात मिसळून द्या. पंधरा दिवसात फरक नाही दिसला तर मले सांगा.


पुण्याचा_पाहुणा
१४ मे, सकाळी ९:२०

विषयांतर होतंय पण कुंडीत सांबार म्हणजे??


तर्रीपोहा
१४ मे, सकाळी ९:३१

कोथिंबीर हो भाऊ. इडलीसोबतचा तो वेगळा. इकडं आले की बुधवार बाजारात कोथिंबीर मागू नका, चेहरा पाहतील तुमचा.


बेसा_टेरेस
१४ मे, रात्री ९:५८

@हिरवीजाळी ताई, कागदाची टिचकी केली, सहा झाडांवर मिळून दोन-तीन किडे, ते पण मावा वाटला. पानं वळली नाहीत, सरळच आहेत, फक्त काठ जळाले. आणि हो, नीम तेल रविवारी अकरा वाजता मारलं होतं 🙈 त्या पानांचं कळलं आता, पण ज्यांच्यावर मारलंच नाही ती पण तशीच आहेत.

@काका, जीवामृत एकानं बनवून दिलेलं एप्रिलमध्ये टाकलं होतं, सांगायचं राहिलं. प्रत्येक कुंडीला लिटरभर. आठवड्यानं निंबूची उरलेली पानं पण गेली. म्हणून परत टाकायची हिंमत नाही झाली.


काळीमाती
१५ मे, दुपारी २:१०

फोटो मोठे करून पाहिले. मला यात ना कीड दिसते ना व्हायरस. थोडं विचारते, नीट आठवून सांगा. तुम्ही पाणी दोनदा देता म्हणाला, कुठलं देता? नळ, बोअर, टँकर? दोन्ही वेळचं एकच आहे का? मातीवरचं पांढरं बोटानं चोळून पाहा, कापसासारखं मऊ लागतं की पिठूळ, दाणेदार? बुरशी असली तर खालची माती ओली राहते आणि धाग्यांचं जाळं दिसतं. हे मला फोटोत कुंडीच्या बाहेरच्या कडेलाही दिसून राहिलं, मातीच्या कुंडीच्या पोटातून झिरपून आल्यासारखं. बुरशी असं करत नाही. आणि गच्चीवर कुठल्या बाजूच्या कुंड्या जास्त खराब आहेत ते सांगा, जिन्याकडच्या, टाकीकडच्या, कशा?

शेवटचं म्हणजे तुळस कुठं आहे आणि तिला पाणी कोण घालतं? देवाची कृपा असेलच, पण मला त्या कृपेचा टीडीएस, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत तो आकडा, हवा आहे.


बेसा_टेरेस
१५ मे, रात्री १०:३०

भाऊ, तुमचं वाचून वर टॉर्च घेऊन गेलो. पांढरं पिठूळ आहे, बोटात घेतलं तर चुरचुरतं. चाटून पाहिलं (बायकोनं वेड्यात काढलं), खारट-कडवट लागलं.

पाणी नळाचंच आहे की. म्हणजे संध्याकाळी मी देतो ते नळाचं. सकाळी बाबा देतात. ते पण नळाचंच असेल ना. जास्त खराब कुंड्या पूर्वेकडच्या, जिन्याजवळच्या. टाकीमागच्या सात-आठ बऱ्या आहेत, तिथं बाबांचा हात पोचत नाही, गुडघे दुखतात त्यांचे, तिथलं मीच पाहतो.

तुळस खाली अंगणात आहे, आई आंघोळ झाली की तांब्यानं पाणी घालते.

लिहिता लिहिताच डोक्यात काहीतरी वाजून राहिलं. उद्या सकाळी सहाला उठून बाबा काय देतात ते पाहतो.


काळीमाती
१५ मे, रात्री १०:४४

उठा. आणि भाऊ नाही, ताई 🙂


बेसा_टेरेस
१६ मे, सकाळी ६:५०

सापडलं.

कूलर.

बाबा रोज पहाटे बेडरूमच्या कूलरच्या टपातून दोन बादल्या पाणी काढतात आणि जिन्यानं वर नेऊन झाडांना घालतात. "रात्रभराचं पाणी शिळं होते, वास येते, फेकाचं कशाले, झाडं तरी पितीन." मार्चच्या शेवटी कूलर लावला तेव्हापासून. मला कधी बोलले नाहीत कारण त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. टप मग बोअरच्या पाइपानं परत भरून ठेवतात, नळाचं पाणी कूलरला घालवायचं नाही असा घरचा नियम आहे.

आता हे चूक आहे का? पाणीच आहे ना शेवटी?


काळीमाती
१६ मे, दुपारी १:३५

हेच आहे. थोडं लांब लिहिते, आज सुट्टी आहे आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, मृद चाचणीच्या लॅबमध्ये अर्धं आयुष्य गेलं माझं.

कूलर थंड हवा कशी देतो? पाणी उडवून. उडतं ते निव्वळ पाणी, त्यात विरघळलेले क्षार उडत नाहीत, ते टपातच राहतात. तुम्ही वरून बोअरचं भरता, त्याचे क्षार त्यात येऊन मिळतात, परत पाणी उडतं, क्षार राहतात. आईनं कढी मंद आचेवर विसरली तर ती खारट होत जाते ना, अगदी तसं. कूलरच्या गवतावर, ताटीवर पांढरा थर धरतो बघा, तो चुना. म्हणजे कॅल्शियमचा बराच भाग गवतावर बसून जातो आणि टपात जे उरतं त्यात सोडियम आणि क्लोराइडचं प्रमाण वाढत जातं. झाडासाठी तेच जास्त वाईट.

आता झाडात काय होतं. मुळं पाणी ओढतात ते मातीतल्या पाण्यापेक्षा मुळाच्या आतलं पाणी जास्त दाट असतं म्हणून. बाहेरचंच दाट झालं की ओढणं अवघड, म्हणून तुमची कुंडी ओली असूनही झाड तहानलेलं. आणि जे थोडंफार वर चढतं त्यातला क्लोराइड पानाच्या टोकाशी, काठाशी जाऊन साचतो, कारण पाणी तिथून उडून जातं आणि तो तिथंच राहतो. म्हणून काठ आधी जळतो आणि जुनं पान आधी जळतं. म्हणजे तुमच्या पानाच्या काठावर तेच झालं जे कूलरच्या गवतावर झालं.

नवीन पानं पिवळी, शिरा हिरव्या, ते दुसऱ्या कारणानं. बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटनं मातीचा सामू (पीएच) वर जातो आणि मग लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. आपली काळी माती मुळातच चुनखडीची, सामू आठच्या आसपास, त्यात हे. त्यामुळे खिळे पुरून काही होत नाही, लोखंडाची कमी नाहीच आहे, ते कुलपात आहे.

तुमच्या झाडांचा क्रमच सांगून राहिला होता. निंबू-संत्रावर्गीय झाडं क्षाराला सगळ्यात नाजूक, मग मिरची, वांगं. टमाटर जरा सहन करतं, पालक आणखी जास्त. कीड असती तर ती इतकी शिस्तीत आली नसती.

आणि मधल्या काळात तुम्ही जे जे घातलं, एप्सम म्हणजे मीठच, गोमूत्रात क्षार, ताज्या शेणखतात क्षार, सालीच्या पाण्यात पोटॅश, ते सगळं त्याच खारट कुंडीत जमा झालं. कोकोपीट वापरता का? ते ब्लॉक न धुता वापरले तर त्यातही मीठ असतं.

एक टीडीएस पेन घ्या, आरओ दुरुस्तीवाल्याकडं असतो, उसना आणला तरी चालेल. नळ, बोअर, टप तिन्ही मोजा. मातीचं पण मोजता येतं, एक वाटी सुकी माती, दोन वाट्या आरओचं किंवा पावसाचं पाणी, ढवळून अर्धा तास ठेवा, वरच्या पाण्यात पेन बुडवा. साधारण ५०० च्या आत असलं तर काळजी नाही, हजाराच्या वर गेलं तर झाड रडणार.


वऱ्हाडीकाका_६२
१६ मे, दुपारी ४:२०

ताई, तुमचं बराबर असन, पण जीवामृतानं नुकसान झालं असं लिहू नका. चाळीस वर्स शेती केली. जिवाणू असले का माती सारं पचवते.


काळीमाती
१६ मे, सायंकाळी ५:०२

काका, जीवामृताशी माझं भांडण नाही, मीही वापरते, पण पावसाळ्यात आणि जमिनीत. शेतात पाऊस पडला की क्षार खाली धुऊन जातात, तुमच्या चाळीस वर्षांत चाळीस पावसाळे होते. कुंडी म्हणजे बुड असलेलं भांडं, त्यातून मीठ बाहेर काढायला पाणीच पाहिजे. जिवाणू शेण कुजवतात, पालापाचोळा कुजवतात, मीठ कुजवणारा कोणी नाही.


वऱ्हाडीकाका_६२
१६ मे, सायंकाळी ५:४०

हे मानलं. आमच्या वावरात पण बोअरच्या पाण्याचा पट्टा कडक होऊन जाते, नदीच्या पाण्याचा नाही होत. काऊन होते ते आज समजलं.


बेसा_टेरेस
१७ मे, रात्री ९:१५

पेन आणला. नळ २४०. बोअर ८९०. कूलरचा टप २,४६०. मी तीनदा मोजलं, पेन बिघडला वाटलं.

माती: निंबूचा ड्रम १,३८०, मिरची १,१५०, टाकीमागचं वांगं ४१०, तुळस १९०.

टपाचा हिशोब सांगतो. सकाळी ३० लिटर बाबा काढतात, मग भरायला साधारण ९५ लिटर लागतं, मीटरवर पाहिलं.


काळीमाती
१७ मे, रात्री ९:५०

वा, तुम्ही तर लॅबवाल्यासारखं मोजून राहिले. मग हिशोब पण करा. पेनवरचा आकडा म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम, तर रोज ९५ लिटर बोअरचं पाणी म्हणजे ८४-८५ ग्रॅम क्षार टपात येतात. ६५ लिटर पाणी हवेत जातं. उरलेल्या ३० लिटरमध्ये सगळे राहिले असते तर पेनवर २,८०० दिसायला हवे, तुम्हाला २,४६० दिसलं, मधला फरक गवतावर चिकटला. म्हणजे बाबांच्या दोन बादल्यांतून रोज ७४ ग्रॅम. दीड महिन्याचे ४५ दिवस धरा, तीन किलोच्या वर क्षार तुम्ही स्लॅबवर वाटले. सगळं खायचं मीठ नाही, पण तीन किलोची थैली डोळ्यासमोर आणा.


तर्रीपोहा
१७ मे, रात्री १०:०५

तीन किलो 😳 एवढ्यात आमच्या घरचं वर्षाचं लोणचं होते.

एक सांगतो, माझं पण झालं होतं असंच, कूलर नाही, आरओच्या फेकायच्या पाण्यानं. घरात आरओ बसवला, ते बाजूच्या नळीतून जाणारं पाणी बादलीत धरायचो आणि मोगऱ्याला घालायचो, पाणी वाचवतो म्हणून बिल्डिंगमध्ये भाषण पण दिलं. मोगरा गेला, मग जास्वंद. त्या पाण्यात पण क्षार वाढलेलेच असतात, कूलरएवढे नाही पण असतात. आता त्यानं फरशी पुसतो. एसीचं पाणी मात्र उलट, मोजलं तर १५-२० येते, हवेतलंच पाणी असते ना ते. खायच्या भाजीला नाही घालत, फुलझाडाला घालतो.


बेसा_टेरेस
१७ मे, रात्री १०:३०

ताई मग आता करू काय? माती फेकू? ३४ कुंड्यांची माती चार माळे खाली नेऊन परत आणणं म्हणजे माझा जीव जाईल. काळी माती आहे, त्यात थोडी मुरमाड आणि शेणखत.


काळीमाती
१८ मे, सकाळी ७:४५

माती फेकायची नाही, चांगली आहे ती. काळीच का घातली कुंडीत, हा वेगळा विषय. आमच्या भंडाऱ्याकडं तिला कन्हार म्हणतात, शेतात सोनं, कुंडीत मात्र ओली झाली की लोण्यासारखी आणि सुकली की विटेसारखी, आणि सोडियम वाढला की ती पाणी खाली जाऊच देत नाही.

आधी वरचा इंचभर पांढरा थर खरवडून काढा, तो टोपल्यात भरून कचऱ्यात, दुसऱ्या कुंडीत नाही. कुंडीखालचं भोक मोकळं आहे का पाहा, खराट्याची काडी घाला. खालच्या थाळ्या काढून टाका, नाहीतर धुतलेलं मीठ परत वर चढतं. मग जिप्समची पूड, १२ इंची कुंडीला सपाट चमचाभर, ड्रमला मूठभर, वरच्या मातीत मिसळा. त्यातलं कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला ढकलून बाहेर काढतं. मग नळाचं पाणी, हळूहळू, संध्याकाळी, कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट. म्हणजे १५ लिटरच्या कुंडीला ३० लिटर. एकदम ओतायचं नाही, थोडं घालायचं, जिरू द्यायचं, परत घालायचं. खालून येणारं पाणी पेननं मोजत राहा, आकडा उतरताना पाहायला मजा येते.

पण सगळ्या ३४ ला करू नका, मे महिन्यात एवढं पाणी काढणं बरोबर नाही आणि तुमच्या लाइनला किती वेळ नळ येतो तेही मला माहीत आहे. निंबूचे ड्रम आणि दोन-चार चांगल्या मिरच्या वाचवा. बाकीच्यांना तेवढं नळाचं पाणी जगण्यापुरतं द्या आणि पाऊस आला की उघड्यावर ठेवा, जाळी काढून. आपल्याकडं वर्षाला हजार मिमीच्या वर पाऊस पडतो आणि पावसाचं पाणी म्हणजे जवळजवळ शून्य टीडीएस, फुकटात धुऊन देईल. धुतल्यावर नत्रही वाहून जातं, म्हणून मग आठ-दहा दिवसांनी चांगलं कुजलेलं गांडूळखत द्या, मूठ-दोन मुठी. त्याआधी काहीच नाही, साल नाही, ताक नाही.


हिरवीजाळी
१८ मे, सकाळी ९:१०

ताई जिप्सम म्हणजे रासायनिक नाही का? सेंद्रियवाल्यांना चालतं?


काळीमाती
१८ मे, सकाळी ९:३०

खाणीतून निघालेलं खनिज आहे, सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या नियमात त्याला परवानगी आहे. खत कारखान्यातून निघणारं फॉस्फोजिप्सम वेगळं, ते घेऊ नका. पिशवीवर पाहून घ्या.


वऱ्हाडीकाका_६२
१८ मे, सकाळी १०:१५

अन् बाबाले बोलू नका भाऊ. पाणी फेकू न देणारा माणूस आहे तो.


बेसा_टेरेस
१८ मे, रात्री ११:००

नाही बोललो काका. फक्त पेन त्यांच्या हातात दिला आणि टपात बुडवायला सांगितलं. बराच वेळ आकड्याकडं पाहत बसले, मग म्हणाले, "म्हणजे मीच मारली झाडं." मी म्हटलं मी तर दहा औषधं टाकली, तुम्ही एकच. रात्री जेवले नाहीत नीट. सकाळी माझ्या आधी वर जाऊन निंबूच्या ड्रमवरचा थर खरवडून बसले होते, गुडघे दुखत असताना.


बेसा_टेरेस
६ जुलै, रात्री ९:२५

मंडळी उशिरा लिहून राहिलो, नवतपा, मे अखेरचे ते आगीचे नऊ दिवस, कसाबसा काढला. अपडेट.

मे मध्ये दोन्ही ड्रम आणि पाच मिरच्या धुतल्या ताईंनी सांगितलं तसं. ड्रममधून पहिलं पाणी निघालं ते चहासारखं आणि पेनवर ३,१००, शेवटचं ७०० वर आणलं, मग नळ गेला. माती ६१० आली. तीन वांगे नाही वाचले, एक मिरची पण. टमाटर नवतप्यातच वाळलं, उपटून टाकलं. बाकीच्या कुंड्या रडतखडत जून उजाडेपर्यंत आल्या, मग पाऊस लागला आणि जाळी काढली. काल मोजलं, बहुतेक २५० ते ३२० च्या मध्ये आहेत, निंबू २९०.

निंबूच्या एका ड्रमची वरची सगळी फांदी वाळली, कापून टाकली, पण खोडाच्या अर्ध्यातून फूट आली आहे, बोटाएवढी पानं, काठ हिरवेगार. दुसरा नुसता काडी आहे, नखानं खरडलं तर आत हिरवं दिसते, म्हणून ठेवला आहे. मिरचीला फुलं आली. सांबार परत पेरला.

कूलरचं पाणी आता बाबा अंगण धुवायला वापरतात आणि आठवड्यातून एकदा टप पूर्ण रिकामा करून मग भरतात, त्यानं गवतावरचा थर पण कमी झाला, हवा जास्त थंड लागते असं आई म्हणते. पेन बाबांच्या शर्टाच्या खिशात असतो. शेजाऱ्यांच्या टाक्या मोजून झाल्या, गल्लीतल्या तीन बोअर मोजून झाल्या, कोणाचं किती ते तोंडपाठ आहे. काल जेवताना ताकात बुडवला.


तर्रीपोहा
६ जुलै, रात्री ९:४०

किती आला ताकाचा?


बेसा_टेरेस
६ जुलै, रात्री ९:४४

आईनं पेन हिसकावून घेतला, कळलंच नाही.


काळीमाती
७ जुलै, सकाळी ८:०५

वाचून बरं वाटलं. दुसऱ्या ड्रमची काडी ऑगस्ट संपेपर्यंत उपटू नका, निंबू फसवतो. आणि आत्ता पावसात पन्हाळीखाली एक ड्रम ठेवा, ते पाणी झाकून ठेवलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उघडीपीत निंबूला कामी येईल. मच्छर होऊ नये म्हणून वरून कापड बांधा घट्ट.


ढेमसे_प्रेमी
७ जुलै, सकाळी ११:५०

पूर्ण धागा एका दमात वाचला आणि लगेच खाली जाऊन आमचा कूलर पाहून आलो, आमच्याकडं पण ते पाणी कढीपत्त्याला जातं, दोन वर्षांपासून पिवळा पडून राहिला, रोज शिव्या घालतो त्याला. @बेसा_टेरेस भाऊ, पेन किती दिवस उसना मिळेल? की बाबांनाच घेऊन येता, मानेवाड्यालाच आहे घर.


बेसा_टेरेस
७ जुलै, दुपारी १२:१०

बाबांना दाखवलं तुमचं. शर्ट घालून तयार आहेत, रविवारी येतो म्हणे.